भावजींचे हरलेले डाव

हरलेल्या डावाचा कीस पाडणं हा माझ्या भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, जेवणाइतकाच नेमाचा कार्यक्रम. ते बसड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी हौशी खेळाडूंच्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळायचे आणि बरेचदा पोरासोरांकडून मार खाऊन परतायचे. शिंगं मोडून वासरांत कशाला शिरता, असं मी चिडवलं की म्हणायचे, वासरंच बरी खेळतात. नाचता येईना अंगण वाकडं, असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. हरले की दोष स्वतःचा, आणि तो सापडेपर्यंत घरात कुणाची सुटका नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडायचा, चाली लिहिलेला कागद शेजारी ठेवायचा आणि मला पलीकडच्या खुर्चीत बसवायचं. मी प्रतिस्पर्धी. घोडा अडीच घरं जातो यापलीकडे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांना असाच गप्प माणूस हवा असे. ते कागद वाचणार, मी मोहरा उचलून ठेवणार. मध्येच थांबून ते स्वतःची उलटतपासणी घ्यायचे. इथे वजीर का हलवला? घाई झाली? घाबरलो? की समोरच्याला कमी लेखलं? मला जांभया यायच्या आणि ताईला हसू.

त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. जिंकत आणलेले डाव ते ऐनवेळी घालवायला लागले. क्लबातले मित्र म्हणाले, वय झालं. एकाने डाव मोबाइलमध्ये घालून पाहिला, तर मोबाइलने घोडचूक कुठे झाली ते दाखवलं. ती का झाली ते त्या बापड्याला काय ठाऊक? भावजी आतून खचले होते. शांत डोक्याचा ड्रायव्हर अशी त्यांची डेपोत ओळख, आणि तेच डोकं पटावर दगा देतंय, हे त्यांना सोसत नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्यांनी अलीकडचे सगळे हरलेले डाव काढले. पहिल्यात ते पांढरे घेऊन खेळले होते. माझ्या उंटाने त्यांचा वजीर खाल्ला. लक्ष उडालं होतं, ते म्हणाले. दुसऱ्यात त्यांच्याकडे काळे. माझ्या हत्तीने मात केली. घाई नडली, म्हणाले. पुढच्यात पुन्हा हत्ती, आणि कारण काय, तर गर्व. कारणांना तोटा नव्हता. माझा धीर मात्र संपला.

"भावजी, दर वेळी मला उजव्याच कडेने का मारायला लावता? दुसरीकडून मारायची बंदी आहे का?"

असं काही नाही, म्हणत त्यांनी कागद पुढे केला. कागदावर ती घरं खरंच वेगवेगळी होती. पांढरे घेऊन बसलं की डाव्या हाताला पटाची पहिली उभी पट्टी येते, काळे घेऊन बसलं की शेवटची. त्यामुळे कागद वाचणाऱ्या कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. खुर्चीत बसून पाहिलं तर सगळे वार एकाच बाजूने आले होते. माझ्या उजवीकडून, म्हणजे त्यांच्या डावीकडून.

भावजींनी कागद बाजूला सारला. मग माझ्या राजावर नजर रोखून म्हणाले, "मी मान हलवणार नाही. तू कडेचा हत्ती हळूच पुढे आण."

मी आणला.

"आण ना," ते म्हणाले.

हत्ती त्यांच्या डाव्या मनगटाजवळ उभा होता.

ताई भांडी पुसत होती, ती तशीच येऊन बसली. डोळे तर उद्याच दाखवू, पण डेपोत इतक्यात बोलायचं नाही, असं तिचं म्हणणं पडलं. निवृत्ती तोंडावर आलीय, तोवर जरा मान वळवून चालवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मीही तिची री ओढली. खोटं कशाला सांगू, मला ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं.

भावजी रागावले नाहीत. सवयीप्रमाणे त्यांनी आमचीही चाल तपासून पाहिली. आजवर रस्त्यावर काही झालं नाही ते माझ्यामुळे नसेल, म्हणाले, लोकांनीच मला चुकवलं असेल. मग ताईकडे वळून हळूच म्हणाले, "थांब्यावरची माणसं डावीकडेच उभी असतात गं."

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांना फोन आणून दिला. सकाळच्या गाडीवर दुसरा माणूस लावा, असं त्यांनी डेपोत सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. भावजींनी एकच सांगितलं, "मला डावीकडचं दिसत नाही." ताई पुन्हा त्यांच्या डाव्या बाजूलाच येऊन बसली होती, आणि तिचे डोळे भरून आलेले त्यांना कळलेही नाहीत.