बाळकुमचं ताई ची

फ्रिजमध्ये अर्ध्या-अर्ध्या वाट्या साठतात, तसे किस्से साठतात. एकेकटी वाटी जेवणाला पुरत नाही आणि टाकूनही देववत नाही. आमच्या ताई ची या चिनी कसरतीच्या क्लासच्या अशा बऱ्याच वाट्या झाल्यात, म्हणून आज सगळ्या एकदम गरम करतोय. चव बिघडली तर दोष माझा. बहुतेक वेळा तो माझाच असतो.

मी त्या क्लासला का गेलो, ते आधी सांगतो. इंजिनीअरिंग कॉलेजात मी आयुष्यभर स्थितिशास्त्र शिकवलं. म्हणजे वस्तूचा तोल का राहतो आणि का जातो. डॉक्टरेटही त्यातलीच. निवृत्त झालो, बायको गेली, ठाण्यात बाळकुमच्या फ्लॅटमध्ये एकटा राहू लागलो आणि एका सकाळी बाथरूममध्ये माझाच तोल गेला. हाड मोडलं नाही. धीर मोडला.

मुलगा अभय डोंबिवलीहून आला. "बाबा, आणखी एकदा पडलात, तर मुकाट्याने आमच्याकडे राहायला यायचं. वाद नको!"

तो नुसता बोलून थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या बाथरूममध्ये माझ्यासाठी स्टीलचा दांडा बसवून घेतला आणि फोटो पाठवला. त्याखाली सूनबाईंनी, स्वातीने, लिहिलं होतं, "बाबा, तुमची वाट बघतोय!"

माणसं प्रेमळ आहेत, तीच तर पंचाईत. मला माझ्या घरात राहायचं होतं. आणि त्यासाठी उभं राहता यायला हवं होतं.

* * *

क्लास आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी साडेसहाला भरतो. शिकवणारे मास्तर इथल्याच कोळीवाड्यातले. तरुणपणी बोटीवर खलाशी होते. बोटीवरचा आचारी चिनी होता. तो रोज पहाटे डेकवर हे हळूहळू हातवारे करायचा, मास्तर त्याच्या मागे उभे राहून तसंच करायचे. आठ वर्षं.

मी पडलो शंकेखोर. प्रवेश घेण्याआधी चार पुस्तकं वाचली. या विद्येत म्हणे घराणी असतात, गुरुपरंपरा असते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मास्तर, तुमचे गुरू नेमके कोणत्या घराण्याचे? त्यांचं ज्ञान अस्सल होतं, हे कशावरून?"

मास्तर म्हणाले,

"ते काय मना ठाव नाय, डॉक्टर. पन वादळात बोट अशी हालायची, तरी त्याच्या हातातला भात कधी सांडला नाय!"

मी फॉर्म भरला.

* * *

सोसायटीत कोणीतरी तक्रार केली की क्लबहाउसमध्ये मारामारीचं ट्रेनिंग चालतं. 'मार्शल आर्ट' हा शब्द नोटीस बोर्डावर आम्हीच लिहिला होता. सेक्रेटरी चौकशीला आले. हातात नियमावली.

आम्ही अकरा ज्येष्ठ नागरिक एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर नेत होतो. सेक्रेटरी दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मास्तर, मला ऑफिसला जायचंय. सुरू कधी करणार?"

मास्तर म्हणाले, "संपलं की!"

* * *

आमच्यात एक कर्वे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासला. माणसंही ते तशीच तपासतात. बहुतेक नापास करतात.

वरच्या मजल्यावरच्या जिममधून एक दंडाला टॅटू काढलेला मुलगा रोज खाली येताना आमच्याकडे बघून हसायचा. एकदा थांबून विचारलंच त्याने, "अंकल, ये रियल फाइट में काम आता है क्या?"

नेमका हाच प्रश्न मलाही रात्रंदिवस पडायचा. आजच्या काळात, ठाण्यात, सत्तरी ओलांडल्यावर, चिनी युद्धकला शिकून करायचं काय?

कर्वे म्हणाले, "आता है ना! सिर्फ सामनेवाले को थोड़ा रुकना पड़ता है."

* * *

मास्तरांची ताकीद होती, उभं राहायची वेळ आली की सराव करायचा. रांग म्हणजे फुकटचा क्लास. हयातीचा दाखला द्यायला मी आणि कर्वे बँकेत गेलो, तेव्हा रांग दारापर्यंत होती. आम्ही गुडघे जरासे वाकवले आणि संथपणे वजन डावीकडे, वजन उजवीकडे, पुन्हा डावीकडे सुरू केलं. डोळे अर्धे मिटलेले. मला तर पहिल्यांदाच एकाग्रता वगैरे साधतेय असं वाटू लागलं.

काउंटरवरची मुलगी उठून आमच्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, लाजू नका. टॉयलेट मागच्या बाजूला आहे. तुमचा नंबर मी धरून ठेवते."

कर्वे जाऊन आले. म्हणाले, "एवढं प्रेमाने सांगितलं, तर नाही कसं म्हणायचं!"

* * *

रविवारी जोड्यांचा सराव असतो. समोरासमोर उभं राहायचं. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने पडायचं नाही. याचं चिनी नाव मास्तर विसरलेत. ते त्याला भरती-ओहोटी म्हणतात. भरती आली की अडवायची नाही, कमरेतून वळून तिला वाट द्यायची. एवढंच.

एवढंच मला सहा महिने जमलं नाही. समोरून हात आला की मी ताठ व्हायचो. ताठ झालो की ढकलला जायचो. त्यामागचं गणित मला फळ्यावर मांडता येत होतं, अजूनही येईल. एकदा तर मी मास्तरांना ते मांडूनही दाखवलं.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका बोटाने मला ढकललं. मी खुर्चीत.

ढकलायची पाळी आली की आणखी वाईट. आधी मी "सॉरी हं" म्हणायचो.

कर्वे म्हणायचे, "डॉक्टर, हॉर्न वाजवून ठोकणारा पहिला माणूस पाहिला!"

* * *

मी क्लासचं अभयला कळू दिलं नव्हतं. पण कर्व्यांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तो फिरत फिरत स्वातीपर्यंत गेला आणि पुढच्याच रविवारी सकाळी सात वाजता अभय क्लबहाउसच्या दारात हजर!

"बाबा, या वयात कुंग फू? परत पडलात म्हणजे? मी आजच तुम्हाला घेऊन जाणार आहे."

 मला तर तो बरोबरच वाटत होता.

मास्तर म्हणाले, "न्या की. पन आधी ढकलून बघा. पडला तर बॅग भरा."

अभय रोज जिमला जातो. सहा फुटांचा गडी. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन बोटं हळूच माझ्या छातीला लावली.

कर्वे ओरडले, "अहो, लिफ्ट बोलावताय का?"

कोणीतरी हसलं. अभयचे कान लाल झाले. लहानपणीही व्हायचे. मग त्याने खरोखरच ढकललं, दोन्ही हातांनी.

मी सॉरी म्हणायला विसरलो. मागच्या पायावर वजन कधी गेलं, कंबर कधी वळली, मला सांगता येणार नाही. मी जिथे होतो तिथे अभयचे हात पोचले, तेव्हा तिथे कोणी नव्हतं. तो माझ्या शेजारून पुढे गेला, पाय अडखळला आणि लादीवर धपकन बसला.

"काही नाही, काही नाही," असं म्हणत त्याने पँट झटकली. माझ्याकडे चहा घेतला. बॅगेचा विषय काढला नाही आणि गाडीत बसून निघून गेला.

मग दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नाही. आधी वाटलं, लागलं असेल. नंतर त्याहून वाईट वाटलं. तो मुद्दाम तर पडला नसेल? तो सहा वर्षांचा असताना कॅरममध्ये मी असाच हरायचो.

कर्व्यांना फोन केला. ते म्हणाले, "मुद्दाम पडणारा आधी जमीन बघतो. हा तुमच्याकडे बघत पडला. माल अस्सल आहे." मला पटलं नाही. बँकेतल्या मुलीचंही मन ज्यांना मोडवलं नाही, त्या कर्व्यांना माझं मोडवेल का?

संध्याकाळी स्वातीचा फोन आला.

"बाबा, तिकडे नक्की काय शिकवतात हो?"

"का गं? काय झालं?"

"काही नाही. तुमच्यासाठी बाथरूममध्ये दांडा बसवलाय ना, त्याचं आज उद्घाटन झालं. अभय कमोडवरून तो धरूनच उठला."