सहाव्या प्रश्नाची दोन उत्तरं

निरुपमा फडणीस यांनी तेहेतीस वर्षं सरकारच्या सांख्यिकी खात्यात काढली. पिकांची, गुरांची, माणसांची, सगळ्यांची गणती केली. निवृत्तीनंतर पाचव्या महिन्यात त्यांनी पतीला, पद्माकररावांना, सांगून टाकलं, "मला दुपारची झोप येत नाही," आणि एका संशोधन संस्थेच्या पाहणीचं काम घेतलं.

पाहणी अशी होती: परदेशातून येऊन इथे राहणाऱ्यांसाठीचे कायदे बदलावेत का, आणि लोकांच्या त्याबद्दलच्या मतामागे त्यांचा देवधर्म किती असतो. बडोद्यातली साठ घरं निरुपमाताईंच्या वाट्याला आली. टॅबवर एकवीस प्रश्न होते. उत्तर भरून पुढं गेलं की मागचा प्रश्न बंद होई, पुन्हा उघडत नसे.

पहिल्याच आठवड्यात त्या दांडिया बाजारात श्रीपतरावांकडे गेल्या. वय ब्याऐंशी, दत्तमंदिराचे जुने विश्वस्त.

"तू फडणिसांची सून ना? बस. विचार काय ते."

सहावा प्रश्न आला. बाहेरून आलेल्या माणसानं ठरावीक वर्षं इथे राहून काम केलं, तर नागरिकत्व मागायची वाट त्याला असावी का?

"मुळीच नाही. आले तसे परत जाऊ देत. लिही."

त्यांनी लिहिलं. अठरावा प्रश्न होता, अनोळखी माणसाशी कसं वागावं याबद्दल तुमच्या धर्मातून तुम्ही काय शिकलात?

"आई दुपारी बाराला दार लावू द्यायची नाही," श्रीपतराव म्हणाले. "दत्तमहाराज कुठल्या रूपात भिक्षेला येतील सांगता येत नाही, म्हणायची. एकदा एक फाटका माणूस आला. त्याची भाषा कुणाला कळेना. जेवला, आणि मग तीन वर्षं आमच्याकडेच राहिला. कुठला, कोण, तिनं कधी विचारलं नाही." ते थांबले. चष्मा काढून पुसला. "मघाचं ते सहावं बदल. वाट असावी. नीट चौकशी करून, पण असावी."

"काका, यात मागं जाता येत नाही."

"म्हणजे माझ्या नावावर खोटं उत्तर राहणार?"

निरुपमाताईंनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संस्थेत जाऊन अस्मिताला गाठलं. अस्मिता तिशीतली, पाहणीची प्रमुख.

"काकू, पहिलं उत्तर तेच खरं धरायचं असं ठरलंय," ती म्हणाली. "धर्माचं विचारलं की माणूस ओशाळतो. मग चांगलं दिसावं म्हणून बदलतो."

"ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला माझ्यापुढे चांगलं दिसून काय करायचंय? श्रद्धेनं मत घडतं का, हेच शोधतोय ना आपण? काल ते माझ्यासमोर घडलं, आणि लिहायला जागा नव्हती."

"एका घरावरून काही ठरत नाही."

"मग साठ घरं घे. झालेल्या घरीही मी पुन्हा जाते, सगळे प्रश्न नव्यानं विचारते. शेवटी सहावा परत विचारते आणि ते उत्तर वहीत लिहिते."

"मे महिन्यात?"

"मेमध्ये मी गावोगाव गुरं मोजली आहेत."

अस्मितानं होकार दिला. सुती ओढणी डोक्याला गुंडाळून निरुपमाताई निघाल्या.

मकरपुऱ्यात मोहना राहायची. एका कारखान्यात पॅकिंगला होती, नुकतीच कामाची पाळी संपवून आलेली. तिनं पंखा पाहुणीकडे वळवला, ताक दिलं. सहाव्या प्रश्नाला पहिल्यांदा हसून गुजराती वळणानं म्हणाली, "राहू दे ने बेन. काम करतात, खातात." अठराव्याला मात्र ती सत्संगाबद्दल भरभरून बोलली. तिथे शिकवतात, आधी आपला धर्म सांभाळा, तो टिकला तर आपण टिकू. सहावा पुन्हा विचारला तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"आपल्या धर्माचे असतील तर वाट द्यावी. बाकीच्यांना नको."

निरुपमाताईंचा पेन थांबला. मोहना त्यांना आवडली होती. तिच्याशी वाद घालावा असं फार वाटलं. पण विचारणाऱ्यानं वाद घालायचा नसतो.

"हेच लिहू?"

"हा, हेच."

त्यांनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. घरी आल्यावर पद्माकररावांना म्हणाल्या, "आज एक उत्तर मला मुळीच आवडलं नाही."

"मग काय केलंस?"

"लिहिलं. श्रीपतरावांचं लिहायचं आणि हिचं गाळायचं, तर मी तिथे गेले कशाला?"

तीन घरांना कुलूप होतं. उरलेल्या सत्तावन्नांपैकी सोळा जणांनी मत बदललं. दहा जण मऊ झाले, सहा जण कडक. तो कागद घेऊन अस्मिता संचालकांकडे गेली आणि तासाभरानं बाहेर आली. पुढच्या सगळ्या गावांत सहावा प्रश्न दोनदा विचारायचा आणि दोन्ही उत्तरं ठेवायची, असं ठरलं.

"काकू," अस्मितानं विचारलं, "तुमचं स्वतःचं उत्तर काय हो?"

"वाट असावी. आणि धर्म विचारून नसावी. पण ते कुठे भरू नकोस. मी त्या साठांत नाही."

सोमवारी दोघी डभोईच्या बसला बसल्या. तिथे नव्वद घरं होती. किल्ल्याजवळच्या एका गल्लीत निरुपमाताईंनी उजवी बाजू घेतली, अस्मितानं डावी, आणि दोघी दारं ठोठावत पुढं निघाल्या.