शिसवाच्या चपला

माझे वडील लाकडातून रोजच्या वापरातल्या वस्तू कोरायचे. भाकरी, अर्धवट सोललेला कांदा, घडी घातलेला टॉवेल, चेपलेला डबा. रंग लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट होता. वस्तूच्या रंगाचं लाकूड मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचे. शिसवात कोरलेल्या स्वतःच्या जुन्या चपला हे त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातात पटाशी धरवेना.

ते गेल्यावर दहाव्याला सगळे नदीवर गेले. मी देवळाली प्रवरेच्या घरी मागे राहिले, घर धुवून काढायला. गेलेल्या माणसाचं अंथरूण आणि चपला त्या दिवशी नदीकाठी जाळायची आमच्या घरात रीत आहे. त्या चपलांना कोणी हात लावत नाही. सकाळी काकूंनी त्या खराट्यानेच पोत्यात लोटल्या होत्या.

फरशीवर पाणी ओतत मी वडिलांच्या कामाच्या खोलीत गेले. टेबलाखाली त्यांच्या चपला होत्या. मी उचलल्या. चामडं मऊ लागलं. बरं वाटलं, निदान एवढं तरी राहिलं म्हणून. मग वर बघितलं, तर टेबलावरचा शिसवाचा जोड दिसेना. या इथे आहेत, तर पोत्यात काय गेलं?

काकांना फोन लावला. वाजत राहिला. ते न्हाव्यापुढे बसले असणार, मोबाईल काढून ठेवलेल्या सदऱ्यात. चपला स्कूटरवर पायापाशी टाकल्या आणि निघाले. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे-मागे चालल्या होत्या. बाजूने जायला जागा नव्हती. नदीच्या बाजूला धूर दिसायला लागला होता.

पोहोचले तेव्हा गादी पेटली होती. पोतं अजून बाहेर होतं. नुकतंच डोकं भादरलेले काका काठीने ते आगीकडे सरकवत होते.

“काका, थांबा! त्या लाकडाच्या आहेत.”

“काय लाकडाच्या?”

“चपला. त्यांनी कोरलेल्या.”

मी पोत्यात हात घातला. काकू मागून ओरडल्या, “अगं, शिवू नको!” मी एक चप्पल काढून दगडावर वाजवली. टक्‌ टक्‌ आवाज आला.

काकांनी काठी थांबवली. “आयला! मागं मला भाकरी वाढली हुती लाकडाची. दात पडायचा राहिला. आता मेल्यावर बी चेष्टा करतोय व्हय हा?”

कोणीतरी हसलं. मला वाटलं, सुटले.

“पन त्या माघारी न्यायच्या न्हाईत,” काका म्हणाले. आवाज बदलला होता. “त्याच्या नावानं घराबाहेर काढल्यात.”

“तुम्हाला त्यांच्या खऱ्या चपला हव्या होत्या ना? त्या मी आणल्यात.”

“मला न्हाई, त्याला. अनवानी जाईल का तो? एक जोड द्यायचाच. कोनता, ते तू सांग. लवकर सांग, गादी इझत आली.”

मी स्कूटरवरून चामड्याच्या चपला आणून शिसवाच्या जोडाशेजारी वाळूवर ठेवल्या. अंगठ्याचा खळगा, टाचेची झीज, पट्ट्याचा उसवलेला टाका, सगळं सारखं. फक्त चामड्याच्या उजव्या चपलेची बाहेरची कड पार घासून गेली होती. आजारपणात ते तो पाय ओढत चालायचे. लाकडातली कड तशी नव्हती. ती कोरली तेव्हा ते सरळ चालत होते.

मला दोन्ही जोड हवे होते. चामड्यात त्यांचा पाय होता. दुसऱ्या जोडात तो पाय कसा होता, ते त्यांनी स्वतः पाहून ठेवलं होतं. काका काठी धरून उभे होते. काकू पदराने डोळे पुसत होत्या, धुरामुळे की कशामुळे, कोण जाणे.

“या घ्या,” म्हणत मी चामड्याच्या चपला पुढे केल्या. काकांनी काठी पुढे केली, पण मी त्या काठीवर दिल्या नाहीत. हातानेच आगीत ठेवल्या, डावी आधी, मग उजवी.

चामडं लवकर पेटेना. वाईट वास सुटला. लोक मागे सरले. मी मात्र तिथेच उभी राहिले. काका शेजारी आले. वाळूवरच्या शिसवाच्या चपला त्यांनी हाताने उचलल्या, राख झटकली आणि दोन्ही काखेत घट्ट धरल्या.