घरघरीमागचा आवाज

चाळीस वर्षं मी रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही दुरुस्त केले. आवाज कुठून येतो, कुठं अडतो, का फाटतो हे शोधण्यातच जन्म गेला म्हणा ना. त्यामुळं कुणी भास-भूत सुरू केलं की मी सरळ उठून जायचो. आज मीच सांगायला बसलोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं घर रामनगरला, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात. मूळचे आम्ही खानापूरकडचे. मी लग्न केलं नाही. घराच्या दुसऱ्या भागात माझा धाकटा भाऊ नागेश आणि त्याची बायको पार्वती राहायचे. नागेश पंप बसवायचं काम करायचा. सहा वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, एका सकाळी बाजारकुणंगच्या बाजूला कुणाचा तरी पंप बघायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. मोटारसायकल रानातल्या रस्त्याच्या कडेला सापडली. नीट स्टँडवर लावलेली, चावी तशीच. पोलीस, फॉरेस्टवाले, गावची माणसं... पंधरा दिवस सगळ्यांनी रान पालथं घातलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

त्यानंतर माझं दुकानात लक्ष लागेना. बंद केलं आणि एक नाद लावून घेतला – रेकॉर्ड वाजवायचे जुने आयडलर-ड्राइव्ह टर्नटेबल. म्हणजे ज्यात मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये पट्टा नसतो, एक रबरी चाक असतं. मोटर ते चाक फिरवते, चाक तबकडी फिरवतं. माझ्याकडं दोन होते. एक इंग्लंडचा, मडगावच्या एका जुन्या घरातून आणलेला. त्याचं चाक आडवं, तबकडीच्या आतल्या कडेला टेकणारं. दुसरा स्वित्झर्लंडचा, बेळगावातून मिळालेला; त्याचं चाक उभं, खालून टेकणारं. दोन्ही पार उघडले, बेअरिंग धुतली, तेल घातलं, फणसाच्या लाकडाच्या जाड बैठकी करून घेतल्या. घरात एकच सिस्टीम लावायची होती, तेव्हा दोन्हींतला कुठला ठेवायचा हे ठरवायचं होतं. स्विस मशीन शांत. इंग्लिश मशीनवर तबल्याचा डग्गा असा घुमायचा की छातीत जाणवावा, पण मागं बारीक घरघर होती. चाकाचं रबर जुनं, कडक झालेलं.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास, इंग्लिश मशीनवर तबल्याची रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. मी उठणार, इतक्यात त्या घरघरीमागून कुणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज. लांबून, पण ओळखीचा.

मी तीच रेकॉर्ड स्विस मशीनवर लावली. काही नाही. पुन्हा इंग्लिशवर – आहे. सुई उचलून मोटर नुसतीच चालू ठेवली – नाही. मग वेगळी रेकॉर्ड लावली, तरी शेवटच्या खाचेत आहेच. ॲम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. कधीकधी वायर रेडिओ पकडते, तेही तपासलं. मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं, त्यात नुसती घरघर.

शेवटी पार्वतीला बोलावलं. काही सांगितलं नाही. तिच्या हातात कागद-पेन दिलं, मीही घेतलं आणि म्हटलं, "काय ऐकू येतंय ते फक्त लिही. बोलू नकोस."

सुई फिरली. तिचं पेन थोडं चाललं आणि थांबलं. तिची शाळा कन्नड, म्हणून तिनं कन्नड लिपीत लिहिलं होतं; मी देवनागरीत. कागद शेजारी ठेवले. शब्द तेच.

"पारू, पाणी ठेव गं. आलोच."

नागेश रोज कामावरून येताना वळणावरूनच फोन करायचा, तेव्हा हेच म्हणायचा. पार्वतीनं तिचा कागद उचलून घडी घातली. मग म्हणाली, "भावजी, पुन्यांदा लावा."

मी लावली. त्यानंतर रोज दुपारी ती येऊन बसायची. वीज गेली तर यायची वाट बघत बसायची. चार-पाच दिवसांनी एकदा म्हणाली, "'आलोच'च्या फुडं आनी कायतरी हाय. तुमास्नी ऐकू येत न्हाई?"

मी कान देऊन ऐकलं. व्हय, होतं. तीन-चार शब्द, घरघरीत बुडालेले.

"जागेचं नाव सांगत असतील," ती म्हणाली. "कुठं हाईत ते सांगत असतील."

इथं मी चुकलो. चाळीस वर्षांची सवय. आवाज स्वच्छ ऐकायचा तर मागची खरखर काढायची, एवढंच मला येत होतं. चाकावरचं जुनं रबर काढून नवं बसवलं तर घरघर जाईल आणि शब्द वर येतील, असा माझा हिशेब. पार्वतीला विचारलं. ती घाबरली होती.

"आवाज जानार न्हाई न्हवं?"

"नाही गं. उलट साफ होईल."

मी चाक बेळगावला एका कारागिराकडं पाठवलं. आठ दिवसांनी नवं रबर चढवून, घासून, अगदी गोल होऊन आलं. त्यानं काम उत्तम केलं होतं. पार्वती समोर बसली. मी सुई ठेवली.

घरघर गेली होती. शेवटची खाच आली... नुसती शांतता. आम्ही वीस मिनिटं ऐकलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ऐकलं. कारागिराला फोन केला, जुनं रबर आहे का म्हणून. तो म्हणाला, "काढतानाच चुरा झाला की ओ. टाकलं." मिळेल तसलं जुनं, कडक रबर शोधून बसवलं. घरघर आली. घरघरच आली फक्त.

तज्ज्ञ म्हणतील, कान नको ते जुळवून ऐकतो. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. पण दोन कान, दोन कागद, दोन लिप्या आणि एकच वाक्य, हे कसं? आणि मशीन बदललं की आवाज का नाही? मला आजही कळलेलं नाही. कळेल असं वाटतही नाही.

यंदा मे महिन्यात पार्वती कायमची माहेरी गेली, लोंढ्याच्या पलीकडं. मी तिची ट्रंक बसमध्ये चढवली आणि खिडकीपाशी उभा राहिलो. इतके दिवस जे तोंडातून येत नव्हतं ते म्हटलं, "पारू, माझ्यामुळं झालं."

"तुमी मुद्दाम न्हाई केलासा, भावजी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, बाहेर बघत, "खरं सांगू? सा वर्सं लोक म्हनत हुते, मेला आसंल. मी एक दिस म्हटलं न्हवतं. त्या दिशी तुमी सुई ठेवलासा, आनी काय बी आलं न्हाई... तवा पयल्यांदा म्हटलं."

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीपासून मागं सरलो. बस निघाली.