सतरा नोंदींचा रविवार

शाळेत वर्गावर जाताना आम्ही मोबाइल ऑफिसातल्या कपाटात ठेवतो. त्यामुळं अक्काचा फोन मला लागला नाही. मग तिनं शाळेच्या फोनवर लावला, आणि मी नववीच्या फळ्यावर वर्तुळ काढत असताना शिपाई दारात येऊन उभा राहिला. ऑफिसात गेलो. अक्का एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले रे. आंघोळीला पाणी काढलं होतं…" शाळेपासून तिचं घर सव्वा किलोमीटर आहे. मी चालतच गेलो. स्कूटर शाळेतच राहिली, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्याला आता आठ आठवडे झाले. अॅड. विश्वनाथ साखरे हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. धाराशिवच्या न्यायालयात त्यांनी एकतीस वर्षं वकिली केली. पण जिल्ह्यातल्या बहुतेक वकिलांना ते त्यांच्या ब्लॉगमुळं माहीत होते. 'नजीर' हे त्याचं नाव. पुढच्या खटल्यात आधार म्हणून दाखवता येणाऱ्या जुन्या निकालाला इथले जुने वकील नजीर म्हणतात. ते गेले तेव्हा त्या ब्लॉगवर ८७१ नोंदी चालू होत्या. आज तेवढ्या नाहीत. दाजींनीच घालून दिलेल्या एका नियमामुळं दर रविवारी त्यातल्या सरासरी सतरा नोंदी आपोआप बंद होतात. तो नियम काढून टाकायचा की एकेक नोंद जाताना बघत राहायचं, हा आमच्या घरातला गेल्या दोन महिन्यांचा प्रश्न आहे. त्याची किल्ली माझ्याकडं आहे, म्हणून हे मीच लिहिणं भाग आहे.

दाजी मूळचे सास्तूरचे. आईशी कानडी, कोर्टात मराठी आणि जुन्या वकिलांच्या सहवासानं बोलण्यात उर्दू, अशी त्यांची भाषा होती. मी गणिताचा शिक्षक, म्हणून ते मला लग्नाच्या आधीपासून 'मास्तर' म्हणत आणि अहो-जाहो करत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. ब्लॉगची सुरुवात अगदी लहान झाली. निकाल मोफत बघता येतील अशी संकेतस्थळं आली, तालुक्याच्या वकिलांच्या हातात मोबाइल आला, आणि अडचण उलटी झाली. पूर्वी भूम-परंड्याच्या वकिलाला एक निकाल मिळवायला धाराशिवच्या ग्रंथालयात यावं लागे. आता एक शब्द टाकला की चार हजार निकाल समोर येत, सगळे इंग्रजीत. "मास्तर, विहीर कोरडी होती तवा पोहरा तरी रिकामा यायचा," दाजी एकदा म्हणाले. "आता माणूसच बुडायलाय." मग ते रोज एक निकाल वाचून पाच ओळींत मराठीत लिहायचे आणि तीन ज्युनिअर वकिलांना मोबाइलवर पाठवायचे. तिघांचे तीस झाले. तेव्हा, शाळेचा ब्लॉग मी सांभाळत होतो म्हणून, त्यांनी मला गाठलं.

त्यांच्या नोंदीचा साचा ठरलेला होता. वर एक प्रश्न, साध्या भाषेत. खाली उत्तर. मग न्यायालय, तारीख, परिच्छेदाचा क्रमांक आणि मूळ निकालाची लिंक. शेवटी एक ओळ असे: 'कुठं लागू नाही.' ही ओळ मी दुसऱ्या कुठल्याही कायद्याच्या ब्लॉगवर पाहिलेली नाही, आणि मी बरेच पाहिले आहेत. आपला निकाल कुठं चालतो हे प्रत्येक वकील सांगतो, तो कुठं चालत नाही हे समोरचा वकील सांगतो, आणि ते भर कोर्टात ऐकायला लागू नये म्हणून आधी घरी वाचावं, असं दाजींचं म्हणणं.

माझं काम पडताळ्याचं. रविवारी सकाळी नऊ ते बारा. ते त्यांची नोंद मोठ्यानं वाचत, मी समोर मूळ निकाल उघडून बसे. "परिच्छेद सतरा." "सतरा." "तारीख अकरा." "बारा आहे, दाजी." मग ते चष्मा काढत. "माझी वही लाल करायला लई मजा येती तुम्हाला." मला निकालातलं कायद्याचं इंग्रजी निम्मंच कळे, पण आकडे कळत. पहिल्या शंभर नोंदींत मी तेवीस चुका काढल्या, आणि आठव्या शंभरीत दोन. हा हिशेब मी त्यांना एकदा दाखवला तर ते खूश होण्याऐवजी म्हणाले, "त्या दोन कुठल्या?"

नवे फौजदारी कायदे आले तेव्हा त्यांनी जुन्या दंडसंहितेची ५११ कलमं आणि नव्या संहितेची ३५८ कलमं समोरासमोर मांडून तक्ता केला. आम्हाला सहा रविवार लागले. पुढं एका लग्नाला उमरग्याला गेलो होतो, तेव्हा कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाच्या टेबलावर काचेखाली तो तक्ता दिसला. कोपऱ्यात दाजींचं नाव नव्हतं, कुणी तरी कापलं होतं. मी चिडलो. दाजी वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आकडे नीट आलेत की." अलीकडं एक ज्युनिअर संगणकावरच्या 'एआय'ला विचारून पाच निकाल घेऊन आला. दाजींनी त्याला एकेकाचा मूळ निकाल उघडायला लावला. दोन सापडले. उरलेले तीन कुठल्याच न्यायालयानं दिलेले नव्हते. पोरगा घाबरला. दाजी म्हणाले, "त्याला माहीत न्हाय म्हणायची लाज वाटती. तू तर माणूस हायस, तुला कशाला लाज?"

पण ज्या गोष्टीसाठी मला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ती त्यांच्या चुकीची गोष्ट आहे.

ब्लॉगच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी एक नोंद लिहिली होती. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा मिळायचा असेल, तर कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत, असा तेव्हाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. नोंद बरोबर होती. परिच्छेद क्रमांक मीच तपासला होता. काही वर्षांनी मोठ्या पीठानं तो निकाल बदलला. वडील हयात असण्याची अट गेली. दाजींनी त्याच आठवड्यात नवी नोंद लिहिली. पण जुनी तशीच राहिली. शोधलं की जुनी आधी दिसायची, कारण ती जास्त लोकांनी वाचलेली. कळंबच्या अॅड. मेघा, तेव्हा वकिलीत नव्या, त्यांनी तीच वाचली आणि तेरजवळच्या एका बाईंना सांगितलं, तुमचे वडील आधीच वारले, तुमचा हक्क बसत नाही. बाई घरी गेल्या. दीड वर्षानं मेघाताईंच्या नजरेला दुसरी नोंद पडली आणि त्यांनी दाजींना फोन केला. "सर, तुमच्याच ब्लॉगवर दोन उत्तरं आहेत. मी कुठलं खरं धरायचं?"

फोन स्पीकरवर होता, मी समोर होतो. दाजींनी बाईंचा पत्ता मागितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तेरला गेलो आणि तिथून रिक्षानं बाईंच्या वस्तीवर. मी वाटेत म्हणालो, दाजी, तुम्ही त्यांचे वकील नाही, त्यांचं नावही काल कळलं, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नाव रुक्मिणबाई, वय पन्नाशीपुढं. दाजींनी पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्यायच्या आधीच बोलले. "बाई, तुम्हाला हक्क न्हाय म्हणून सांगितलं, ते माझ्या लिहिण्यावरून. ते लिहिणं जुनं झालं होतं. मी काढायला पायजे होतं, काढलं न्हाय. तुमचा हक्क हाय."

रुक्मिणबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. "आन् हे सांगायला धाराशिवहून आलाव?"

"व्हय."

"बसा की मग." त्यांनी घोंगडं अंथरलं. "खरं सांगू का वकीलसाहेब, कायदाच न्हाय म्हणाला तवा मला बरं वाटलं व्हतं. म्हणलं, भावावर राग धरायचं कारण न्हाय. आता तुम्ही परत राग धरायला लावायलाव."

दाजी म्हणाले, "दावा लावायचा का न्हाय, ते तुमचं. पण न्हाय लावला तर तो तुमच्या मनानं. माझ्या चुकीनं नको."

रुक्मिणबाईंनी दावा लावला. मेघाताईंनीच लढवला, आणि भावानं लोकअदालतीत तडजोड केली. एक एकर तीस गुंठे त्यांच्या नावावर झाले. दाजींनी तो सातबारा पाहायला मागितला नाही. मी मागितला, म्हणून आकडा सांगता येतो.

तेरहून परत येताना एसटीतच त्यांनी नियम सांगितला. प्रत्येक नोंदीवर तारीख हवी: शेवटचं तपासलं अमुक दिवशी. तपासून वर्ष झालं की नोंद आपोआप बंद. जो निकाल फिरला, त्याची नोंद पुसायची नाही. तिच्यावर लाल रेघ मारायची आणि नवीन निकालाकडं वाट दाखवायची. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तशी सोय करून दिली. तेव्हाच्या ६१४ नोंदी आम्ही पहिल्यापासून तपासायला घेतल्या. सत्तेचाळीस रविवार लागले. अठ्ठावन्न नोंदींवर लाल रेघ आली. त्या काळात नवीन नोंद एकही झाली नाही, आणि ब्लॉग बंद पडला काय म्हणून लोक विचारायचे. दाजी म्हणायचे, "दुकान उघडं हाय, माल बघायलोय."

…आणि मग ते गेले, आणि पहिल्या रविवारी अठरा नोंदी बंद झाल्या. दुसऱ्या रविवारी सतरा. अक्का सातवीपर्यंत शिकलेली. पण मोबाइलवर ती 'नजीर' रोज उघडून बघायची, वाचायला नव्हे, नुसतं बघायला. तिच्या ते लक्षात आलं.

"त्यांचं एकेक पान बंद व्हायलंय, आन् तू बघत बसलास," ती मला म्हणाली. "काढून टाक तो नियम."

"अक्का, तो दाजींनीच घातलाय."

"ते होते तवा घातला."

"नसतील तेव्हा लागावा म्हणूनच घातला."

ती आत निघून गेली. त्या दिवशी मी चहा न घेता घरी आलो. तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. तिला घरात माणूस दिसत नव्हता, मोबाइलवर दिसत होता, आणि तोही आठवड्याला सतरा पानांनी कमी होत होता.

तिसऱ्या आठवड्यात वकिलांनी शोकसभा घेतली. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, हा ब्लॉग म्हणजे साखरेसाहेबांचं स्मारक, तो जसा आहे तसा कायम राहिला पाहिजे. टाळ्या पडणार होत्या, पण शोकसभा असल्यानं पडल्या नाहीत. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "जसा आहे तसा ठेवला तर दोन वर्षांत त्यावर विसंबून कुणाचा तरी हक्क जाईल. आजपर्यंत बावन्न नोंदी बंद झाल्यात. ज्यांना ठेवायच्या आहेत त्यांनी रविवारी सकाळी नऊला घरी यावं. मी आकडे बघीन. कायदा मला कळत नाही." सभेत एकशे दहाच्या आसपास माणसं होती. रविवारी पाच आली. त्यांत मेघाताई कळंबहून पहिल्या गाडीनं आलेल्या.

पाच माणसांनी तीन तासांत नऊ नोंदी तपासल्या. दाजी आणि मी सतरा करायचो. आठ गेल्या. पुढच्या रविवारी अकरा राहिल्या, मग बारा. मी आकडे मांडून पाहिले आहेत. सध्याच्या गतीनं वर्षाअखेर साडेपाचशेच्या आत-बाहेर नोंदी उरतील, पण त्या सगळ्या खऱ्या असतील. त्या पहिल्याच रविवारी मेघाताई म्हणाल्या, "सर असते तर त्यांनी आम्हाला विचारलं असतं, गेलेल्या आठ कुठल्या?" हे ऐकून मी त्यांच्याकडं बघितलं. ही बाई दाजींच्या चुकीमुळं एकदा तोंडघशी पडली होती, आणि आज त्यांच्याच खोलीत बसून त्यांचा प्रश्न विचारत होती.

अक्का चार रविवार स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चहा पाठवून द्यायची. गेल्या रविवारी दोघं कमी होते, एकाच्या घरी लग्न, एकाला ताप. उरलेले दोघं वेगळी नोंद घेऊन बसले होते. मेघाताई वाचत होत्या आणि मूळ निकाल बघायला मी एकटाच. अक्का हात पुसत बाहेर आली, चष्मा लावला आणि माझ्या बाजूचा छापलेला निकाल उचलला. "मला विंग्रजी येत न्हाय. आकडे येतात. वाच गं तू."

मेघाताईंनी वाचलं. "परिच्छेद एकतीस."

अक्कानं बोट ठेवलं, पान उलटलं, पुन्हा मागं आली. "ह्यात एकतीस न्हायच. अठ्ठावीसलाच संपलंय."

मी पान हातात घेतलं. परिच्छेद तेरा होता. आकडे उलटे पडले होते. ती नोंद दाजींनी आणि मी दोन वेळा तपासलेली. दोघांच्याही नजरेतून सुटलेली चूक तिनं चार मिनिटांत धरली. मी जागच्या जागी दुरुस्त केली. 'नजीर'वर दुरुस्तीच्या ओळीत चूक काढणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत आहे. मी नाव टाइप करायला लागलो तसा तिनं माझा हात धरला.

"माझं नको. त्यांची चूक मी काढली असं दिसंल."

मेघाताई म्हणाल्या, "अक्का, 'नजीर'वर दुरुस्तीच्या ओळीत माझं नाव दोनदा आहे. सरांनी स्वतः टाकलंय."

अक्कानं माझा हात सोडला. म्हणाली, "पूर्ण लिही मग. नुसतं अक्का नको."

मी लिहिलं: दुरुस्ती सुचवणार, सौ. गिरिजा विश्वनाथ साखरे, धाराशिव. ती 'सौ.' खोडायला म्हणाली नाही, आणि मीही खोडलं नाही. खाली त्या दिवसाची तारीख टाकली. नोंद आता वर्षभर राहील.