वरचा एक हिसका

व्हिनेगरच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘पक्के’ म्हणत. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा प्रश्न एकच, “पक्कं?” दिवे बंद केले? पक्कं? दार लावलं? पक्कं? दवाखान्यात नर्सने बाहेर येऊन “मुलगी झाली” असं सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि बायकोने ते त्यांना आजवर विसरू दिलेलं नाही.

घरात त्यांनी बंद केलेली साखरेची बरणी उघडायला शेजारच्या पैलवानाला बोलवावं लागे.

“अहो, आत साखर आहे, कैदी नाही,” बायको म्हणायची. पक्के झाकणाला आणखी एक पीळ देत.

ही खोड लागली पाण्याच्या पंपावर. तरुणपणी ते तिथे कामाला होते. तिथले गेट व्हॉल्व्ह बिडाचे, म्हातारे, गाळाने भरलेले. चाक हाताला थांबलं म्हणजे आतली पाणी अडवणारी पाचर खाली बसली, असं मानणारा तिथे मूर्ख ठरायचा. चाकात पाना अडकवून वरून एक हिसका दिला की मगच पाणी थांबे. पुढे व्हिनेगरच्या कारखान्यात आले, तर इथले व्हॉल्व्ह स्टेनलेस स्टीलचे, चकचकीत, कारण साध्या लोखंडाला व्हिनेगर खाऊन टाकतं. व्हॉल्व्ह बदलले, पक्क्यांचा हात मात्र तोच राहिला. चाकाला पाना लावायचा नाही, अशी मॅनेजरबाईंची सक्त ताकीद होती. पण ती इतरांसाठी, असं पक्क्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मोठ्या टाकीतून बाटल्या भरण्याच्या यंत्राकडे एक पाइप जात असे. त्यावरचा व्हॉल्व्ह संध्याकाळी पक्के बंद करत आणि सकाळी त्यांचा जावई उघडत असे. जावयाला नोकरी त्यांनीच लावून दिली होती, म्हणून त्याच्यावर नजर ठेवणंही आपलंच काम, असं त्यांना वाटे.

एका सकाळी यंत्राखाली व्हिनेगरचं थारोळं दिसलं. दुसऱ्या सकाळीही. नाकाला झोंबणारा वास पार फाटकापर्यंत.

पक्क्यांचा हिशेब सरळ होता. मी बंद केलेला व्हॉल्व्ह गळणं शक्य नाही, म्हणजे कुणीतरी तो उघडतंय. आणि सकाळी सगळ्यांआधी व्हॉल्व्हपाशी जातो तो जावई.

मग एका सकाळी ते लवकर जाऊन रिकाम्या पिंपांमागे उकिडवे बसले. गुडघे कुरकुरत होते, शिंक आली ती रुमालात दाबली. जावई आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सदऱ्याखालून पाना काढला, चाकात अडकवला आणि सगळा भार टाकून हिसडा दिला. फरशी तो येण्याआधीच ओली होती. पक्क्यांनी ती पाहिली आणि अर्थ लावला, म्हणजे हा रात्रीही येऊन जातो!

“चोरून विकतोय तो,” घरी येऊन त्यांनी जाहीर केलं.

“व्हिनेगर?” बायको म्हणाली. “कुणाला? गल्लीत कोण घागर घेऊन उभं आहे?”

मुलीच्या कानावर गेलं तशी ती तणतणत आली. “बाबा, रात्री तो घरी असतो. घोरतो. पक्कं करायचं असेल तर या आणि ऐका. आणि सांगून ठेवते, तुमच्या तक्रारीने त्याची नोकरी गेली, तर मी ह्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही.”

पक्के रात्रभर कुशी बदलत राहिले. पण संशय एकदा तोंडाशी आला की त्यांच्याने गिळवत नसे. सकाळी त्यांनी तक्रार केली.

मॅनेजरबाईंनी काम थांबवलं आणि फिटरला व्हॉल्व्ह खोलायला लावला. त्याने आतली पाचर काढून उजेडात धरली. तिच्या गुळगुळीत अंगावर मांजराने बोचकारल्यासारखे चरे होते.

“कुणीतरी पान्याने जोर केलाय,” फिटर म्हणाला. “स्टीलवर स्टील असं दाबलं की एकमेकांना चावतं. मग कितीही आवळा, गळणारच.”

बाई जावयाकडे वळल्या. “पाना तुम्ही लावता?”

“हो.”

“का?”

“हाताने उघडत नाही.”

“हाताने बंद केलेलं हाताने उघडत नाही?”

 पक्के मनात म्हणाले, सापडला. आता थापा मारेल, रडेल, माझ्या पाया पडेल. पण तो नुसता खाली बघत उभा. बाई म्हणाल्या, “मग उद्यापासून येऊ नका.” तरी त्याने तोंड उघडलं नाही. फक्त एकदा त्याची नजर पक्क्यांच्या मागच्या खिशाकडे गेली आणि लगेच परत फिरली. त्या खिशात पक्क्यांचा पाना होता.

हा बोलत का नाही? पक्क्यांनी चार कारणं लावून पाहिली, एकही धड बसेना. उरलं एकच, हा आपल्याला सांभाळून घेतोय, आणि ते उमगताच त्यांचे कान तापले.

“थांबा मॅडम,” ते म्हणाले. “संध्याकाळी व्हॉल्व्ह मी बंद करतो. पान्याने. वरून एक हिसका. रोज.”

“पक्कं?” फिटरने विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी जगाला विचारला होता. “पक्कं,” ते पुटपुटले.

बाईंनी कपाळावर हात मारला. “जावई कामावर राहतील. आणि काका, तुम्ही उद्यापासून बाटल्यांना झाकणं... नको, झाकणं नकोत! लेबलं लावा.”

सुट्टी झाल्यावर पक्क्यांनी जावयाला कपाटांपाशी गाठलं.

“जावईबापू, तोंडात काय मूग धरले होते? सांगायचं ना!”

“सांगितलं असतं, तर खरं मानलं असतंत?”

पक्क्यांनी खिशातला पाना काढून त्याच्या हातात दिला. “हा तुमच्याकडे ठेवा. मुलीला सांगा, रविवारी या दोघं.”

जावयाने पाना कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि डबा उचलून चालू लागला. पक्के दोन पावलं त्याच्या मागे गेले, थबकले, परत आले आणि कुलूप धरून ओढून पाहिलं.

“बाबा,” जावई पुढूनच म्हणाला, मान न वळवता, “फार ओढू नका, तुटेल.”