हळवं का गरवं?

तुम्हाला म्हणून सांगते. हसायचं तर हसा, पण पारूकाकूंसमोर हा विषय काढू नका!

मी वर्गात इतक्या हळू 'हजर' म्हणते की बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागतं. अशा मी चारचौघींत एकदाच तोंड उघडलं, आणि आठ घरांची पेरणी धोक्यात घातली.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. पुनर्वसूत कसाबसा एक पाऊस पडला. आमच्या मुरमाड रानात आता राळ्यासारखं बारीक भरडधान्यच साधलं असतं, तेही ओल उडायच्या आत पेरलं तर. आईने पेरणीची तिफण काढली आणि मला गावच्या शेतकी सोसायटीत पिटाळलं.

"राळ्याचं हळवं बी आण. पळ!"

सोसायटीत दोन पोती उघडी होती. सेक्रेटरीकाका म्हणाले, "बोल, हळवं का गरवं?"

आता तुम्हीच सांगा, हळवं म्हणजे काय? मी निबंधात लिहिते, 'माझी आई फार हळवी आहे.' म्हणजे जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. असलं रडकं बी दुष्काळात टिकेल? आई घाईत चुकली असणार!

"गरवं द्या," मी म्हणाले.

रांगेत मागे उभ्या शेजारच्या पारूकाकूंनी विचारलं, "गरवं कावून गं?"

"हळवं नाजूक असतं, काकू. दुष्काळात तग धरायचं नाही."

"शाळंतली पोरगी हाय, तिला ठावं असंल!"

झालं! पारूकाकूंनी गरवं घेतलं, त्यांच्या मागच्या सहा जणींनीही गरवंच घेतलं. मी मान ताठ करून घरी आले आणि आईला माझी हुशारी सांगितली.

आई मटकन खालीच बसली. "अगं येडे, हळवं म्हंजे लवकर येणारं! गरव्याला लई दिस लागत्यात. इतक्या उशिरा पेरलं तर दाणा भरायच्या आत ओल संपंल. हाती नुसतं गवत!"

"आई, मी आणखी सात जणींना..."

"जा! पेरायच्या आत गाठ त्यान्ला!"

मी पळत सुटले. प्रत्येक बांधावर उभं राहून ओरडायचं, "पेरू नका! मी चुकले!" माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. सहा जणी सापडल्या. पारूकाकूंच्या रानात मात्र बैल जुंपलेले, आणि काकूंनी बियाची मूठ भरून तिफणीच्या चाड्यावर धरलेली! मी थेट बैलांपुढे जाऊन उभी राहिले.

"अगं, तुडवतील की! काय झालं?"

मला रडूच फुटलं. हुंदक्यांमधून कसंबसं सांगितलं, तेव्हा त्यांची मूठ खाली आली.

मग बी बदलून घ्यायला आमची वरात पुन्हा सोसायटीत. हळवं संपलं असलं तर?

सेक्रेटरीकाकांनी हळव्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. "हाय तसं हाय की! या पोरीनं सकाळपासून एक दाणा खपू दिला न्हाई!"

सगळ्या हसल्या. मी पुन्हा रडायला लागले. पारूकाकूंनी पदराने माझे डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"पोरगी लई हळवी हाय गं. अक्कल तेवढी गरवी!"